कुऱ्हाडीनंतरचं वर्ष

सकाळी डबा भरत होते तेव्हा मंगेशदादाचा फोन आला. "गेले," एवढंच तो म्हणाला. कोण, ते विचारायची गरज नव्हती... पण त्यानं 'बाबा' म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. मग मी कुठल्या गाडीनं निघणार ते त्यानं विचारलं, शेगावला उतरायला सांगितलं, तिथून खामगावला न्यायला कुणीतरी येईल म्हणाला आणि कारखान्यातलं एखादं काम उरकावं तसा फोन ठेवला. मी थोडा वेळ डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिले. रडू आलं नाही. मी लहान असताना मांजर मेलं म्हणून रडत बसले होते, तेव्हाचं त्यांचं वाक्य आठवलं. "रडून झालं की सांग, मग आपण बोलू." आणि ते खरंच पेपर वाचत समोर थांबले होते.

गेले ते माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. खामगावच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. आमच्या गावात इंग्रजी शाळा नव्हती आणि माझ्या वडिलांना मला इंग्रजीतच शिकवायचं होतं, म्हणून पहिलीपासून बारावीपर्यंत मी मोठेबाबांच्या घरी राहिले. घरात ते, मोठी आई, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा त्यांचा मुलगा मंगेशदादा आणि मी. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरलं तेव्हा मी आधी दादाला विचारलं. तो म्हणाला, लिही, खरं काय ते लिही, पण झाडाचं जास्त लिही. मी तसं करायचा प्रयत्न करते आहे. पण झाडांचं लिहायला गेलं की त्यातून घरच वर येतं, त्याला माझा इलाज नाही.

मोठेबाबा वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. घरातही तसंच बोलत, फक्त कुणाला दुखवायचं असलं की वऱ्हाडीत येत. त्यामुळे 'मले' किंवा 'तुले' ऐकू आलं की आम्ही सावध होत असू. मला ते नावानं क्वचितच हाक मारत. मी 'कॉन्व्हेंट' होते. "काय कॉन्व्हेंट, एकोणऐंशी म्हणजे किती?" पाहुणे आले की हा प्रश्न हमखास यायचा. मला मराठी आकडे पटकन येत नसत, अजूनही येत नाहीत. मी एकोणसत्तर आणि एकोणनव्वद यांच्यात अडकले की ते हसत, ते हसले की पाहुणे हसत, पाहुणे हसले की दादा हसे, आणि शेवटी मोठी आई पदर तोंडाला लावे. प्रत्येक जण आधी शेजाऱ्याकडे पाहून मग हसायचा, हे मी फार लहानपणी टिपलं होतं. तेव्हा त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं.

त्यांच्या आयुष्यात एकच मोठा प्रश्न होता आणि तो आमच्या आमराईचा होता. जळगाव जामोदच्या रस्त्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. तिथं गावरान आंब्याची जुनी झाडं आहेत. गावरान आंबा एका वर्षी भरभरून देतो, त्यात थकतो आणि पुढच्या वर्षी जवळजवळ रिकामा राहतो. हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण मोठेबाबा विचारत की प्रत्येक झाड जर आपल्यापुरतं दमतं आणि आपल्यापुरतं विसावतं, तर यंदा निम्मी झाडं फळायला हवीत आणि निम्मी पुढच्या वर्षी. सगळी आमराई एकदम कशी भरते आणि एकदम कशी ओस पडते? त्यांना कोण सांगतं? झाडांचा सरपंच कुठं बसतो? त्यातून नाल्याच्या काठची पाच-सहा झाडं उलटी होती. सगळी रिकामी असताना ती फळत. त्यांचं नशीब वाईट होतं. एवढ्या रानात तेवढीच कैरी म्हटल्यावर वानरांची सगळी टोळी त्यांच्यावर उतरायची आणि पिकण्याआधीच फांद्या साफ करायची. सगळी आमराई फळते त्या वर्षी वानरं खाऊन खाऊन कंटाळतात आणि बरंच काही उरतं. "सगळ्यांसोबत चुकलं तर निभावतं," मोठेबाबा म्हणायचे, "एकट्यानं बरोबर असणाऱ्याला वानरं खातात."

या प्रश्नासाठी त्यांनी एक फळी केली होती. प्लायवूडवर ओळीनं खिळे ठोकून त्यांच्या टोकांवर होकायंत्राच्या सुया टेकवल्या होत्या. प्रत्येक सुई म्हणजे एक झाड. सुईचं टोक वर असेल तर ते झाड सम वर्षी फळणारं, खाली असेल तर विषम वर्षी फळणारं. सुईला साऱ्या फळीची खबर नसते, तिला फक्त जवळच्या सुयांची ओढ कळते. मोठेबाबा सगळ्या सुया बोटानं विस्कटून टाकत आणि फळीला हलकेच टिचक्या मारत बसत. हळूहळू शेजारच्या सुया एकमेकींकडे वळत, घोळके बनत, घोळके मोठे होत आणि कधी सारी फळी एका दिशेला बघू लागे. जोरात हादरा दिला की पुन्हा गोंधळ. आणि या दोहोंच्या मधली एक टिचकी अशी असे की फळीवर लहानमोठे सगळ्या आकारांचे तुकडे दिसत, एक मोठा प्रदेश आणि कडेला उलटा पडलेला लहानसा कोपरा. अगदी आमराई आणि नाल्याकाठची झाडं. ती टिचकी नेमकी साधली की ते बोट तसंच हवेत ठेवून बसायचे. चेहरा इतका मऊ झालेला मी त्यांचा एरवी कधी पाहिला नाही.

मी विचारलं होतं की झाडांना सुईसारखं चुंबक कुठं असतं. ते म्हणाले, नसतं. शेजारच्या झाडांचं नातं परागातून असेल, मुळांतून असेल, त्यांना ठाऊक नव्हतं आणि तसं ते सांगत. एवढं मात्र त्यांना दिसलं होतं की ऐन मोहोरात गारपीट झाली की त्या वर्षी फळणारं झाड फळत नाही, न फळल्यामुळे दमत नाही आणि पुढच्या वर्षी फळतं. म्हणजे एका माराने झाडाची पाळीच बदलते. मोठी गारपीट सगळ्यांना एकदम मारते, म्हणून सगळी एकदम रिकामी होतात आणि पुढे एकदम भरतात. एकाच माराखाली आलेली झाडं पुढे कितीतरी वर्षं एकमेकांसारखी वागतात, असं ते म्हणाले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं होतं. तिथं मोठी आई आणि दादा उभे होते. दोघांचे हात एकसारखे मागे बांधलेले होते.

आमच्याकडे न फळलेल्या झाडाला धमकवायची रीत आहे. दिवाळी झाल्यावर, मोहोर फुटायच्या आधीच्या अमावास्येला घरातला कर्ता पुरुष कुऱ्हाड घेऊन झाडापाशी जातो, कुऱ्हाडीची मागची बाजू बुंध्याला टेकवतो आणि म्हणतो की यंदा दिलं नाहीस, तोडतो तुले. मग दुसऱ्या कुणीतरी, बहुधा बाईनं किंवा लहान पोरानं, मध्ये पडायचं. "राहू दे बा, पुढच्या साली देईन ते." झाड देईल असा शब्द मिळाला की कुऱ्हाड खाली येते, झाडाला हळदकुंकू लागतं. आणि पुढच्या साली झाड खरंच फळतं. मोठेबाबांना या प्रकाराची फार गंमत वाटे. रिकाम्या वर्षानंतर भरलेलं वर्ष येणारच होतं, झाड घाबरलं नाही, त्याची पाळीच होती, हे त्यांनी गावात कितीदा सांगितलं. एका वर्षी त्यांनी प्रयोगच केला. निम्म्या झाडांना धमकावलं, निम्म्यांना नाही. पुढच्या उन्हाळ्यात सगळी सारखीच फळली. त्यांनी ते विजयानं घरी येऊन सांगितलं. मोठी आई भाकरी थापत होती. वर न पाहता ती म्हणाली, "बाकीच्याईनं ऐकलं असन न." मोठेबाबा खूप हसले आणि हिचं मॉडेल माझ्यापेक्षा बरं आहे असं दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटले. ती झाडांपुरतंच बोलत नव्हती, हे त्यांना कळलं असं मला वाटत नाही.

कारण झाडांच्या बाबतीत ज्या चुकीला ते हसायचे, तीच चूक ते घरात रोज करत होते. दादा अभ्यासात मध्यम होता. कधी सत्तर, कधी पंचावन्न, एखाद्या वेळी ऐंशी. नववीत एकदा तो गणितात वर्गात पहिला आला तेव्हा मोठेबाबांनी त्याला घड्याळ आणलं, शेजाऱ्यांना पेढे दिले. पुढच्या परीक्षेत तो घसरला. मोठेबाबांनी त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं, ते मोठ्या आईच्या कपाटात गेलं आणि परत कधी बाहेर आलं नाही. त्यानंतर त्यांनी त्याचं कौतुक केलं नाही. एकदाही नाही... हे मी वाढवून सांगत नाही. उलट मार्क पडले की बोलणं, मार क्वचित पण बोलणं रोज, आणि पुढच्या वेळी मार्क बरे आले की समाधानानं मान हलवणं. मी मोठी झाल्यावर त्यांनी मला हे नियमासारखं समजावलं. "मी दोन्ही करून पाहिलं. कौतुक केलं की पोरगा खाली जातो, झोडपलं की वर येतो. हे माझं मत नाही, कॉन्व्हेंट, निरीक्षण आहे."

दादा अकरावीत होता आणि मी आठ वर्षांची, तेव्हाची गोष्ट. त्याला सहामाहीत फार कमी मार्क पडले होते आणि त्याच आठवड्यात अमावास्या आली. आम्ही सगळे शेतावर गेलो. गडीमाणसं, शेजारच्या शेतातल्या दोघी-तिघी, बरीच मंडळी होती. दोन-चार झाडांना धमकावून झालं. मग मोठेबाबांनी दादाला बोलावून एका झाडाला टेकून उभं केलं, कुऱ्हाडीची मागची बाजू त्याच्या छातीला लावली आणि वऱ्हाडीत म्हणाले, "हा बी फळला नाही. तोडू काय याले?" लोक हसले. मोठेबाबाही हसत होते आणि मध्ये पडणाऱ्याची वाट बघत होते. रीतीप्रमाणे ते मोठ्या आईचं काम होतं. तिनं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. हसणं हळूहळू थांबलं. दादाची पाठ बुंध्याला होती आणि तो माझ्याकडे बघत होता. मला ते वाक्य पाठ होतं, झाडासाठीचं. मी ते म्हटलं. "राहू दे बा, पुढच्या साली देईन ते." माझ्या तोंडी वऱ्हाडी ऐकून लोक पुन्हा हसले आणि कुऱ्हाड खाली आली. कुणीतरी दादाच्या कपाळाला हळदकुंकूही लावलं. वार्षिक परीक्षेत दादाला बरे मार्क मिळाले. मोठेबाबांनी मान हलवली.

पुढे दादा इंजिनिअर झाला, खामगावातच कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात यंत्रं बघायला लागला, लग्न झालं, मुलगी आर्वी झाली. कुऱ्हाडीची गोष्ट त्यानं स्वतःच मिटक्या मारत सांगायला सुरुवात केली. लग्नात, मित्रांत, कारखान्यातल्या नव्या पोरांना. सांगताना तो छातीवर हाताची मूठ टेकवायचा आणि शेवट ठरलेला असायचा. "बाबानं हाणलं म्हणून मी आज उभा हाये." मला ती गोष्ट ऐकवत नसे. पण त्याला तिची गरज आहे, हे दिसायचं. लोकांना बापाकडून शेत मिळतं, घर मिळतं. दादाला ही एक गोष्ट मिळाली होती आणि ती त्यानं जपून वापरली.

मी पुण्यात पीएचडीला गेले आणि योगायोगानं, किंवा योगायोगानं नव्हे, माझ्या प्रोजेक्टचा विषय तोच निघाला. दूरदूरची झाडं, कीटक, मासे एकाच तालात वाढतात आणि ओसरतात, त्याचं चुंबकाच्या साध्या मॉडेलनं काय समजतं ते पाहणं. मोठेबाबांची फळीच, फक्त संगणकावर आणि हजारो सुयांची. तोवर त्यांची मूत्रपिंडं निकामी होत आली होती. दादा त्यांना आपल्या गाडीनं अकोल्याला डायलिसिसला नेत-आणत असे, जिनिंगमधली पाळी बदलून, कधी रजा टाकून. मोठेबाबा गाडीत त्याच्या ब्रेक दाबण्यावर बोलत. मागच्या उन्हाळ्यात मी घरी गेले तेव्हा त्यांनी मला पलंगाशी बसवलं आणि लॅपटॉप उघडायला सांगितलं.

स्क्रीनवर काळे-पांढरे चौकोन होते, एकेक चौकोन म्हणजे एकेक झाड. ते तासभर बघत राहिले. बोटानं पलंगाच्या कडेला टिचक्या मारत होते, मी आकडा बदलला की टिचकी बदलत होती. मग त्यांनी विचारलं, धमकी घालता येईल का? मी नियम लिहिला. ज्या झाडाला या वर्षी फळ नाही त्याला धमकवायचं आणि तो चौकोन लाल करायचा. धमकीचा परिणाम शून्य ठेवायचा. पुढच्या वर्षी जवळजवळ सगळे लाल चौकोन फळले. मग फळलेल्या झाडांचं कौतुक करायचा नियम लिहिला, त्याचाही परिणाम शून्य. कौतुक झालेली सगळी झाडं पुढच्या वर्षी रिकामी गेली. मोठेबाबा खोकला येईपर्यंत हसले. गावाला दाखवायला पाहिजे म्हणाले.

मी म्हटलं, "मोठेबाबा, यात झाडांच्या जागी मंगेशदादाचे मार्क घातले तर?"

ते थांबले. मी पुढे सांगितलं, नेहमीपेक्षा जास्त शब्दांत. दादाचे मार्क आंब्यासारखे वर्षाआड नव्हते, पण खालीवर होतच होते. फार खाली गेलेला आकडा पुढच्या वेळी बहुधा वर येतो आणि फार वर गेलेला खाली, कुणी काही बोलो न बोलो. तुम्ही बोलायचात ते नेमकं खाली गेल्यावर... त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. त्यांना उदाहरण दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. तुला हे कधीपासून माहीत आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन वर्षं. मग बोलली का नाहीस? तुम्ही विचारलं नाहीत, मी म्हटलं. ते म्हणाले, "बरोबर आहे." उत्तर बरोबर आहे की माझं न बोलणं बरोबर, ते मी विचारलं नाही. त्यांच्याकडून हे दोन शब्द मला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होते आणि मला ते घेऊन तिथून उठून जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पोहे खात होते. दादा कारखान्यात जायच्या घाईत होता. मोठेबाबांनी त्याला थांबवलं आणि वऱ्हाडीत सुरुवात केली, तशी मी बशी खाली ठेवली.

"मंग्या, तुले एक सांगायचं राह्यलं. मी तुले जे बोललो, हाणलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. तू तसाही पासच झाला असता. ही पोरगी म्हनते. मी रातभर तपासलं, तिचं बरोबर हाये."

दादा हसला. कुठल्या तरी विनोदाची सुरुवात आहे असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हसू तसंच तोंडावर राहून गेलं. "म्हंजे फुकटच?" तो म्हणाला.

"फुकटच," मोठेबाबा म्हणाले, आणि मोठ्या आईकडे लिंबाची फोड मागितली.

मी त्या वाक्यावर खूप विचार केला आहे. ती माफी होती, असं मोठी आई म्हणते. त्यांना चूक सापडली आणि लपवून न ठेवता त्यांनी ती ज्याची त्याला सांगितली, एवढंच त्यांना जमत होतं. असेल. पण फळ्यावरचं चिन्ह चुकलं की ते ज्या आवाजात दुरुस्त करत, त्याच आवाजात ते बोलले होते. त्यांच्यापुरता हिशेब जुळला. वीस वर्षांचा मार एका माणसाच्या अंगावर होता आणि त्याचं काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. तो प्रश्न त्यांना पडलाच नाही.

त्या दिवशी दादानं मला शेगाव स्टेशनवर सोडलं. गाडी यायला वेळ होता. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. "तू काऊन सांगतलं त्याईले?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, खरं होतं म्हणून. "खरं त असन," तो म्हणाला. "पण मले ते कामाचं होतं सोनू. आता मी काय सांगू लोकाईले? का माह्या बापाले हाणायची सवय होती?" मी जे सांगितलं ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. तो त्यानंतरही त्यांना दर फेरीला अकोल्याला नेत राहिला. वहिनी सांगत होती की गाडीत दोघं बोलत नसत. मोठेबाबांनी ब्रेकवरून बोलणंही सोडलं होतं... आता त्याचा उपयोग नाही, हे त्यांना कळलं होतं ना.

तेरवीला पुष्कळ लोक आले. त्यांचे जुने विद्यार्थी आले, काही मोठ्या हुद्द्यावर होते. एकेक जण उठून बोलला. सरांनी मला वर्गाबाहेर काढलं म्हणून मी घडलो. सरांनी माझा पेपर सगळ्यांसमोर फाडला, त्या दिवसापासून मी अभ्यासाला लागलो. एकानं सुरुवात केल्यावर दुसऱ्याला तशीच आठवण आली, दुसऱ्यानंतर तिसऱ्याला. सरांनी ज्यांना बाहेर काढलं आणि जे परत आलेच नाहीत, ते अर्थात तिथं नव्हते. शेवटी दादाला बोलायला सांगितलं. तो उठला आणि त्यानं कुऱ्हाडीची गोष्ट सांगितली. झाड, छाती, हसणारी माणसं, सगळं. मूठ छातीला टेकवली. "बाबानं हाणलं म्हणून मी आज उभा हाये," तो म्हणाला, आणि एवढ्या लोकांत त्यानं माझ्याकडेच पाहिलं, मी काही बोलते का ते बघायला. मी बोलले नाही. लोकांनी डोळे पुसले.

मागच्या महिन्यात मी परत खामगावला गेले होते. मोठेबाबांची एक पद्धत होती. परीक्षेचे मार्क जेवायला बसल्यावर वाचायचे, ताटं वाढलेली असताना, वाचणाऱ्यानं उभं राहून. वाचून होईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. मला वाटलं होतं की ती त्यांच्याबरोबर गेली. आम्ही जेवायला बसलो आणि आर्वी कागद घेऊन उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती पाचवीत आहे. तिनं एकेक विषय वाचला. वहिनीचा हात भाकरीवर थांबला होता, मोठ्या आईचा वाटीवर, माझाही थांबला, मी थांबवला नव्हता. मार्क चांगले होते. दादानं मान हलवली.

मग तो माझ्याकडे वळला. आधीच्या चाचणीत तिला गणितात बावन्न पडले होते, त्यानं सांगितलं. तेव्हा तो तिला बोलला होता, चांगलाच बोलला होता, दोन दिवस पोरगी जेवली नव्हती. आता चौऱ्याऐंशी. "पाह्य," तो म्हणाला, "येते का नाही वर? सांग न आता." त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. मी हो म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. एवढं एक हो मिळालं असतं तर त्याचं लहानपण त्याला परत मिळालं असतं. मला ते दिसत होतं. आर्वी अजून उभीच होती.

मी आर्वीला म्हटलं, "छान केलंस."

"खराब करू नको तिले, सोनू," दादा हळूच म्हणाला.

आर्वी हसणार होती. पण आधी तिनं बापाकडे पाहिलं, आणि मग ती खाली बसून जेवायला लागली.